गजराबाईंची मान

काटा दोनावर आला न आला तोच गजराबाई म्हणाल्या, "बस."

दवाखान्यातल्या मदतनीस चैतालीनं मानेवरचं यंत्र उचललं. रबरी टोकाचं, वर घड्याळासारखी तबकडी. ते मानेवर हळूहळू दाबत जायचं. नुसता दाब सरून दुखायला लागलं की पेशंटनं बस म्हणायचं. काटा कुठं थांबला ते बघायचं. इतकं सोपं, की त्यात चुकायला आमच्या उमरग्याचंच माणूस लागतं.

कारण थोड्या वेळापूर्वी हीच मान नंदीशनं दाबली होती, तेव्हा काटा नवापर्यंत गेला होता. नंदीश म्हणजे दवाखान्यातला दुसरा मदतनीस, तालमीतला गडी, दवाखान्याच्या दारातून आडवा होऊन आत येतो. त्यानं जोर लावला. टेबल कण्हलं. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. पालथ्या पडलेल्या गजराबाई निवांत. आणखी दाबलं असतं तर यंत्रानंच बस म्हटलं असतं, अशी बाकावरच्या पेशंटांची साक्ष आहे.

डॉक्टर मल्लिनाथांनी डोकं धरलं. दोघांनाही परत दाबायला लावलं. नंदीशचे पुन्हा नऊ. चैतालीचा या खेपेला दीडच. डॉक्टरांनी यंत्र स्वतःच्या मांडीवर दाबून पाहिलं. यंत्र बरोबर निघालं, मांडी तेवढी काळीनिळी झाली. एका बाईला दोन माना असतात काय, असं त्यांनी सगळ्यांना विचारलं. कुणालाच नक्की सांगता येईना.

घाई होती ती गजराबाईंना. हायवेवरच्या आयुबच्या ढाब्यावर त्या भाकरी थापायच्या. मान धरली तशी चुलीवर दुसरी बाई बसली होती. आयुबनं अदबीनंच सांगितलं होतं, की मावशी, डॉक्टर हो म्हणाले तर शनिवारपासून या, न्हायतर मग तीच बाई कायम. मान दणकट निघाली तर चूल गजराबाईंची. नाजूक निघाली तर दोन महिने थापणं बंद, आणि चूल गेली.

शेवटी डॉक्टरांनी निकाल दिला. नऊ खरे. मावशींनी खुशाल कामावर जावं. गजराबाईंनी पदर सावरला, पिशवी उचलली आणि दारापर्यंत पोचल्या.

मागं डॉक्टर चैतालीवर घसरले. सातवा महिना आहे, हात चालत नसेल तर तसं सांगावं, उद्यापासून यंत्र तिच्या हातात नको. चैतालीचे डोळे भरून आले.

गजराबाई उंबऱ्यावरनं माघारी फिरल्या.

"पोरीला बोलू नका, डॉक्टर. तिचा हात बरोबर हाय."

"मग तिच्या हाताखाली एवढ्यात कसं दुखलं तुम्हाला?"

"दुखलं म्हणून कोण बस म्हणतंय? सून पाय चेपाय बसली की तिचे हात दमायच्या आधी बस म्हणावं लागतं. ही पोर दोन जिवाची. अन् नंदीशचं काय, माझ्याच भाकरी खाऊन माजलाय. म्हटलं, दाबू दे."

डॉक्टर खुर्चीत बसले.

"अन् दुखणं?"

गजराबाईंनी एकदा दाराबाहेर हायवेकडं पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली.

"ते तर यंत्र टेकायच्या आधीपासनंच हाय की."