काख राहिली आहे

"आई, जबडा सैल सोड," मॅडम म्हणाल्या आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. प्रोब त्यांच्या विद्यार्थिनीच्या हातात होता. आपल्या माणसाची सोनोग्राफी आपण करायची नाही, हा विभागाचा नियम मॅडमनीच घातलेला.

"पोटातलं बाळ बघायचं यंत्र ना हे?" आई म्हणाली. "माझ्या डोक्यात काय सापडणार?"

"मेंदू सापडला तरी पुष्कळ," मॅडम म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

घास चावताना आईचा जबडा दुखत होता. केसांना फणी लागली की ती कळवळायची. आज सकाळी तर डाव्या डोळ्यापुढे अंधार येऊन गेला. धमन्यांना सूज असेल तर डोळा कधीही जाऊ शकत होता. नसेल, तर तिच्या मधुमेहात स्टिरॉइडसारखं साखर वाढवणारं जहाल औषध उगाच कशाला? वर वॉर्डात फिजिशियन इंजेक्शन तयार ठेवून उत्तराची वाट बघत होते.

विद्यार्थिनीने कानशिलावरची धमनी पुढून मागे पाहिली, मग मागून पुढे. उजवी, डावी. प्रोबने हलकेच दाबलं की ती पडद्यावरून विरून जात होती. सुजलेली असती तर दाबल्यावरही तिचं काळं कडं दिसत राहिलं असतं.

मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. "झालं. नॉर्मल लिही."

"झालं नाही, मॅडम. काख राहिली आहे."

"अगं, दोन्ही कानशिलं स्वच्छ आहेत. वर खोळंबलेत ते."

"खोळंबू देत. कानशिलं स्वच्छ असली तरी याच आजाराची सूज काखेतल्या धमनीत सापडते, तुम्हीच शिकवलंत." विद्यार्थिनीने मान वर केली नाही. "आणि जरा तिकडे सरकता का? तुमचा कोट चमकतोय स्क्रीनवर."

मॅडम सरकल्या. या खोलीत त्यांना आजवर कुणी सरका म्हटलं नव्हतं.

"बरी भेटली तुला," आई खुशीत म्हणाली. "हात वर करू का गं बाळ?"

काखेतली धमनी पडद्यावर आली. तिच्याभोवती जाड, काळं कडं होतं. विद्यार्थिनीने ते आडवं पाहिलं, उभं पाहिलं, मोजलं, पुन्हा मोजलं. दुसऱ्या काखेतही तेच. मग ती मॅडमकडे वळली.

"सूज आहे. दोन्हीकडे."

मॅडमनी आकडे पाहिले. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी फोन उचलला.

"काखेतल्या दोन्ही धमन्या सुजल्यात. पेशंटला वर आणतोय, लगेच इंजेक्शन द्या."

"तुम्ही स्वतः बघितलंत ना, मॅडम?" पलीकडून प्रश्न आला.

विद्यार्थिनी आईच्या काखेतलं जेल पुसत होती आणि आई गुदगुल्यांनी हसत होती.

"नाही," मॅडम ताठ मानेने म्हणाल्या. "मी नॉर्मल लिही म्हणत होते. माझ्या विद्यार्थिनीने ऐकलं नाही."