कोपऱ्यातलं छिद्र

“पोरगी मॅट्रिक झालेली पाह्यजे,” हिंमतराव म्हणाले आणि महादेवरावांनी सुई उचलली.

सुई म्हणजे स्वेटर विणायची साधी लांब सुई. पण सगळी चिखली तिला मान देई. महादेवराव कापूस संशोधनाच्या एका कचेरीतून पेन्शनीत निघाले, तेव्हा तिथली उरलेली कोरी कार्डं रद्दीच्या भावात घेऊन आले. कचेरीत त्यांवर कपाशीचे वाण नोंदवत. महादेवरावांनी लग्नाची मुलं-मुली नोंदवल्या. कार्डाच्या कडेने छिद्रं होती, एकेका छिद्राला एकेक गुण. मुलगी मॅट्रिक असेल तर ते छिद्र कडेपर्यंत कापून मोकळं करायचं. मग गड्डीच्या त्या छिद्रातून सुई घालून उचलली, की कापलेली तेवढी कार्डं खाली पडत आणि बाकीची सुईला लटकून राहत.

सुई टेबलावर उघडी असे. कोणीही यावं आणि विचारून जावं, तिने कार्डाचं काही बिघडत नसे. कापायचा पंच मात्र कपाटात, कुलपाखाली. एसटीच्या कंडक्टरकडे असतो तसाच, पण एकदा कापलेलं पुन्हा सांधत नाही, म्हणून कपाटाची किल्ली महादेवरावांच्या करदोट्याला. लग्न जमलं की दोघांची कार्डं एकावर एक ठेवून कोपऱ्यातलं छिद्र ते एकाच दाबात कापत. दर जोडीचा काप थोडा निराळा पडे, कधी तिरपा, कधी खोल. जोडीतल्या दोघांचा मात्र तंतोतंत सारखा. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

अभिमान होता, पण सुख नव्हतं. एकशे सात लग्नं जमवणाऱ्याच्या घरात त्याचीच मुलगी अन्नपूर्णा बिनलग्नाची पंचविशीला आली होती. महादेवराव बाजारात दिसले, की ओट्यावरच्या बायकांचं बोलणं थांबे. त्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, माझ्या मुलीचंही सुईच ठरवील, वशिला चालायचा नाही. आणि सुई काही तिचं नाव घेईना. दिवाळीपासून चार स्थळं आली, चारही वेळा तिचं कार्ड पडलं नाही. महादेवरावांना जेवण गोड लागेनासं झालं.

आज त्यांना आशा होती. हिंमतराव साखरखेर्ड्याचे, सरळ माणूस. त्यांचा मुलगा निवृत्ती चिखलीतच मास्तर. दोन वर्षांपूर्वी तो कार्ड भरून गेला आणि मग त्यात दुरुस्ती सांगायला येतच राहिला. उंचीची दुरुस्ती तर तीनदा झाली. जमीन कोरडवाहू, खोली भाड्याची. एरवी महादेवरावांनी नाक मुरडलं असतं. आता ते अटी सैल करायला तयार होते.

त्यांनी मुलींची गड्डी घेतली आणि रिवाजाप्रमाणे आधी कोपऱ्यात सुई घातली. लग्न जमलेल्यांची कार्डं टपटप पडली. गुढीपाडव्याला ती वेगळी बांधायची, तोवर गड्डीतच असत. महादेवरावांनी न पाहता ती हाताने बाजूला सारली. जमलेल्यांकडे काय पाहायचं?

मॅट्रिकची सुई झाली.

“शिवनकाम येनारी.”

पुन्हा सुई.

“अन् उंच असली तं बरं.”

ही तर थेट अन्नपूर्णाच. त्यांनी डोळे मिटून सुई उचलली. दोन कार्डं पडली. एक मेहकरची, एक देऊळगावची. महादेवरावांनी ती निमूटपणे पाहुण्यांपुढे ठेवली. त्यांना रडू येईल असं वाटलं.

अन्नपूर्णा चहा घेऊन आली. हिंमतरावांनी पुढ्यातल्या कार्डांना हातही लावला नाही. बाजूला सारलेला ढीग ओढला आणि ते एकेक कार्ड उलटू लागले.

“ते जमलेल्यायचे हायेत. त्यात काय पाहता?” महादेवराव म्हणाले.

“हे पोरगी कोन? तुमच्याच आडनावाची हाये नं.”

महादेवरावांनी कार्ड हातात घेतलं. अन्नपूर्णेचं होतं. कोपरा कापलेला. म्हणजे चारही वेळा ते सगळ्यांत आधी पडलं होतं, आणि चारही वेळा त्यांनी स्वतःच ते बाजूला सारलं होतं.

त्यांनी मुलांची गड्डी काढली, कोपऱ्यात सुई घातली. पडलेलं एकेक कार्ड तिच्या कार्डावर ठेवून पाहू लागले. नवव्या कार्डाचा काप केसभरही सरकला नाही. त्यावर नाव होतं निवृत्ती हिंमतराव.

“हे कोनं कापलं?”

“मीनं, बाबा.” अन्नपूर्णेचा आवाज बारीक होता, पण कापत नव्हता. “खंडेनवमीले तुमी पंच पूजेत मांडला होता. दिवसभर तथीच होता.”

“अवं, सुई होती नं टेबलावर. तिले काऊन नाही इचारलं?”

“तीनदा इचारलं. ओलिताची जमीन, सोताचं घर, तुमच्याच अटी. दर बारीले त्याचं कार्ड सुईलेच लटकून राह्यलं. मंग मीनं इचारनं सोडलं.”

महादेवरावांनी रागवायचं ठरवलं. कार्ड खिडकीपाशी नेऊन पाहिलं. काप सरळ होता, स्वच्छ होता, त्यांच्या हाताने इतका सुबक एकदाही पडला नव्हता. पाच महिन्यांचं ओझं छातीवरून उतरलं आणि राग कुठे गेला ते त्यांनाच कळलं नाही. ते हिंमतरावांकडे वळले.

“माफी असू द्या, हिंमतराव. पोरायनं आपल्याले न इचारता परस्परच जमोलं. तुमाले तं काहीच ठाव नसन.”

हिंमतरावांनी बशीतला चहा संपवला आणि मिशा पुसल्या.

“पोरानं मले निंगतानीच सांगतलं होतं,” ते म्हणाले. “आबा, महादेवराव जे कार्डं बाजूले सारतीन, त्यातच पाहजा.”