डावी बटणं माझी

आई गेल्यापासून वृंदाचं माहेर म्हणजे माझं घर. धाकटी बहीण येणार म्हणून मी आमचा जुना व्हिडिओ गेम शोधला, पुसला, नवे सेल घातले. लहानपणी गेम एकच आणि आम्ही दोघी. आईने भांडण मिटवलं होतं: वरून पडणारे ठोकळे ताईने सरकवायचे, वृंदाने फिरवायचे. डावी बटणं माझी, उजवं तिचं. मांडीला मांडी लावून खेळायचो.

आली, आणि सोफ्यावर मोबाइलवर तोच गेम खेळत बसली. मी शेजारी टेकले, सवयीने अंगठा पुढे केला.

“अगं ताई, बोट नको लावूस! याला बटणं नसतात. एकटीनेच खेळायचं असतं हे.”

“मग आपला जुना काढू?”

“नंतर गं,” ती मान वर न करता म्हणाली.

रविवारी ती गेली. मी एकटीच जुना गेम घेऊन बसले. डावा अंगठा झरझर ठोकळे सरकवत होता. उजवा बटणावर नुसताच टेकलेला. न फिरलेले ठोकळे बघता बघता वरपर्यंत साचले.

कधी फिरवायचं, हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं.