आता दाबू का?

"आता दाबू का गं?" केळुसकर काकूंनी सतराव्यांदा विचारलं आणि शाल्मलीने कपाळावर हात मारून घेतला.

प्रयोग अगदी साधा होता. डोक्याला तारांची टोपी घालून बसायचं आणि मनात येईल तेव्हा समोरचं बटण दाबायचं, असं चाळीस वेळा. दाबावंसं वाटतंय हे माणसाला कळायच्या आधीच मेंदू तयारीला लागतो का, हे शाल्मलीला तपासायचं होतं. सकाळपासून आलेली माणसं धडाधड बटण दाबून घरी गेली होती. काकू मात्र दर वेळी बोट पुढे न्यायच्या, थांबायच्या आणि तिच्या तोंडाकडे बघायच्या.

"अहो काकू, मला कशाला विचारताय? तुमच्या मनात येईल तेव्हा दाबा, कितीदा सांगू?"

"मनात येतं गं. पण न विचारता कसं दाबायचं?"

शाल्मलीने वैतागून पडद्याकडे पाहिलं. मेंदूची तयारी दाखवणारी रेषा सतरा वेळा चढली होती आणि सतराही वेळा तशीच खाली बसली होती.

तेवढ्यात दार ढकलून काकूंचे यजमान आत डोकावले. "अजून झालं नाही तुझं? चल, ऊठ. जेवायची वेळ झाली."

रेषा पुन्हा चढली. आता अठराव्यांदा तोच प्रश्न येणार म्हणून शाल्मलीने दात आवळले.

काकूंनी कुणाकडेही न बघता बटण दाबलं.

"पोळ्या डब्यात आहेत," त्या यजमानांना म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढे आणि वाढून घ्या. मला अजून एकोणचाळीस वेळा दाबायचंय."