पहिले दोन तुकडे

"आईचा एक तरी फोटो निघेल ना रे?" ताईने डार्करूमच्या दाराबाहेरून तिसऱ्यांदा विचारलं.

"रोल अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, ताई. काहीही निघालं तरी नशीब समज."

रोल बाबांच्या कॅमेऱ्यात अडकून राहिला होता. आई गेली तेव्हा ताई सहा वर्षांची होती आणि भाऊ पाळण्यात. घरात आईचा एकच फोटो, लग्नातला, त्यातही मान खाली. भावाने तीस वर्षं लोकांचे चेहरे धुऊन दिले; आईचा त्याला ठाऊक नव्हता. हे तो कुणाजवळ बोलत नसे.

जुनी फिल्म थेट धुवायची नसते, आधी तुकडा कापून बघायचा. अंधारात त्याने रोलच्या सुरुवातीची दोन बोटं फिल्म कापली आणि धुण्याच्या नेहमीच्या औषधात, डेव्हलपरमध्ये, टाकली. धुऊन झाल्यावर तुकडा वर्तमानपत्रावर धरला, तर खालचं अक्षर लागेना. नुसतं जुनेपणाचं राखाडी धुकं. मग त्याने डेव्हलपर बर्फात ठेवून गार केला, धुकं दाबणारं औषध दहा थेंब घातलं, वेळ कमी केली आणि आणखी दोन बोटं कापली. या तुकड्याच्या कडेतून अख्खी बातमी वाचता आली. दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात गेले, उरलेला रोल औषधात.

दुपारी रोल वाळत टांगला. कसा लख्ख निघाला होता. शेजाऱ्यांची स्कूटर, मावशीचं नवं घर, ओळीने उभी चुलत भावंडं. शेवटपर्यंत आई नाही.

ताईने भिंग घेऊन वरचं टोक धरलं.

"बोट नको लावूस, ठसा उठतो."

"याच्या आधीचं कुठंय?"

"ते कापलं तपासायला. सुरुवातीला काही नसतं. रोल भरताना सगळेच दोन-तीन कोरे सोडतात."

"सगळे सोडतात. पण बाबा? टूथपेस्टची ट्यूब कापून वापरणारा माणूस तो."

भावाने कचऱ्याचा डबा जमिनीवर पालथा केला.

दोन्ही तुकडे पुसून त्याने दिव्याच्या काचेवर शेजारी शेजारी ठेवले. कात्री बरोबर चेहऱ्यावरून गेली होती. अर्धा धुक्यात, अर्धा स्वच्छ. सकाळी हेच तुकडे त्याने डोळ्यांसमोर धरले होते आणि त्यातून वर्तमानपत्र वाचलं होतं.

"हीच," ताई म्हणाली. "हसतेय बघ." भिंग त्याच्या हातात देत म्हणाली, "खळी पडायची तिला. कुठल्या गालावर, ते मात्र विसरले मी."

भावाने भिंग लावलं. निगेटिव्ह वाचायचा त्याला तीस वर्षांचा सराव होता, तरी वेळ लागला. मग त्याने धुक्यातल्या तुकड्यावर अलगद बोट टेकवलं.

"ह्या."