भास्कररावांचं शेवटचं मत

अमेरिकन लोकशाहीत प्रत्येक मत अमूल्य असतं. कुमुदिनीबाई आणि भास्करराव मात्र दर निवडणुकीला एकाच गाडीतून जाऊन, विरुद्ध पक्षांना मतं देऊन, एकमेकांचं मत खोडून यायचे.

या वेळी भास्कररावांनी टपालानं मत पाठवलं आणि आठवड्यात गेले. मुलगी म्हणाली, "आई, आपल्या राज्यात मतदानाच्या दिवशी माणूस जिवंत लागतो. बाबांचं मत बाद."

मतदान केंद्रात कुमुदिनीबाई पेन धरून उभ्या राहिल्या. शेजारच्या रिकाम्या आडोशातून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं.

"ऐकलं हो," त्या पुटपुटल्या. "पण एवढ्या वेळेपुरतंच, हं." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या पक्षापुढचा गोल काळा केला. खाकरणं थांबलं.

त्या राज्यात भास्कररावांचा पक्ष, हे दोघं अमेरिकेत येण्याच्याही आधीपासून, दर वेळी लाखो मतांनी जिंकत आला होता.