दुर्री-सत्ती

अमेरिकेतल्या रीनो शहरात एका क्लबात सकाळच्या पोकरच्या टेबलावर मी पत्ते वाटते. सत्तरीतला ऑर्विल नवशिका. दुर्री-सत्ती, म्हणजे पोकरमधली सगळ्यात वाईट जोडी, आली तरी पानं टाकून डाव सोडायचा नाही, आणि हरायचा. वाटणाऱ्यानं खेळणाऱ्याला शिकवायचं नसतं. तरी न राहवून मी त्याला कागदावर लिहून दिलं, पहिली दोन पानं कुठली आली तर खेळायचं, कुठली आली तर टाकायची.

आज टेबलावर ऊन लोळत होतं, पानं पाण्यासारखी सरकत होती. ऑर्विल पुन्हा दुर्री-सत्तीवर शेवटपर्यंत खेळला.

"कागद हरवलात वाटतं?"

"छे हो, तोंडपाठ आहे. पण पानं टाकली की डाव संपेस्तोवर तुम्ही माझ्याकडे बघत नाही. खेळत राहिलो की दर फेरीला वळून विचारता, 'ऑर्विल, तुमचं काय?'"

मी पुढचा डाव वाटला. त्यानं पानं बघितली आणि शहाण्यासारखी टाकून दिली.

मी वळून विचारलं, "ऑर्विल, तुमचं काय?"